मे महिन्यात सहकुटुंब गाडीने चिखलदरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला या भागांतून उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा या थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्या घरांसाठी ही उत्तरं आहेत. सोबत लहान मुलं आणि आजी-आजोबा आहेत, असं धरूनच लिहिलं आहे.

मे महिन्यात चिखलदऱ्याला खरंच थंड असतं का?

दुपारी नसतं. हे आधीच मान्य करून निघालात तर सहल छान होते.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर आहे, अमरावती साडेतीनशेच्या आत-बाहेर. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे अमरावती आणि चिखलदऱ्यात सुमारे पाच अंशांचा फरक पडतो. खाली ४५ असेल तर वर ३९-४०. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, वरची दुपारही तापते आणि भर उन्हात पॉइंट बघत फिरणाऱ्याला ऊन लागू शकतं.

खरा फरक सूर्य कलल्यावर कळतो. शहरात स्लॅब, भिंती आणि डांबर दिवसभराचं ऊन धरून ठेवतात आणि मध्यरात्रीपर्यंत घरात सोडत राहतात. कूलर पहाटेपर्यंत चालवूनही अंगाखालची गादी गरम लागते. वर चारी बाजूंनी जंगल आणि मोकळा वारा असल्यामुळे संध्याकाळी सहानंतर हवा झपाट्याने बदलते, पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. कित्येक आठवडे नीट न झोपलेल्या माणसांना सलग दोन रात्री गाढ झोप मिळते. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी मे महिन्यात चिखलदऱ्याला जावं. सकाळ आणि संध्याकाळ फिरण्यासाठी, दुपार पडून राहण्यासाठी. ही वाटणी जमली की बाकी सगळं जमतं.

घरून किती वाजता निघावं?

नागपूरहून पहाटे चारला. अमरावतीहून साडेपाचला.

नागपूर ते चिखलदरा अंतर साधारण २३० किलोमीटर. चारला निघालात तर कोंढाळी, तळेगाव, तिवसा अंधारात आणि गारव्यात मागे पडतात, सातच्या सुमारास अमरावती येते. घाटाच्या पायथ्याच्या परतवाड्यात सव्वाआठ-साडेआठला नाश्ता करायचा आणि दहाच्या आत वर पोहोचायचं. उन्हाचे चटके बसायला लागतात तेव्हा गाडी सावलीत उभी असते आणि घरातली सगळी माणसं हातपाय धुऊन बसलेली असतात.

आठला आवरून नऊला निघणाऱ्या घराचं गणित उलटं होतं. अमरावतीला बारा, परतवाड्याला दीड-दोन, आणि नेमक्या सर्वांत कडक उन्हात, एसी लावून, भरलेल्या गाडीने घाट चढायचा. गाडी तापते ती याच वेळी, मुलांना उलट्या होतात त्याही याच वेळी.

पहाटे निघायचं म्हणजे आदल्या रात्री नऊला दिवे बंद झाले पाहिजेत. सामान संध्याकाळीच गाडीत भरून ठेवा. जो गाडी चालवणार त्याला रात्री अकरापर्यंत पोळ्या-भाजी बांधायला लावू नका. आणि घरातली जी बाई शिदोरी करते तीच गाडी चालवणार असेल, तर शिदोरी दुसऱ्या कोणीतरी करायची.

परतवाड्याहून वर जायला कोणता रस्ता धरावा?

दोन आहेत. एक धामणगाव गढीवरून, दुसरा धारणी रस्त्याने घटांगपर्यंत जाऊन तिथून वळणारा. धामणगाव गढीचा रस्ता जवळचा आहे, बहुतेक गाड्या तिकडूनच जातात. घटांगच्या रस्त्याला अंतर जास्त, पण जंगल जास्त दाट. गर्दीच्या दिवसांत पोलीस जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा करतात, त्यामुळे नाश्ता करतानाच परतवाड्यात चौकशी करा. पेट्रोल-डिझेलची टाकीही तिथेच भरून घ्या.

घाटात मोबाइलला रेंज जाते-येते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि मुक्कामाच्या जागेचा नंबर कागदावर लिहून घ्या.

निघण्याआधी गाडीचं काय तपासायचं?

सगळ्यात आधी टायर. विदर्भातल्या उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटून होणारे अपघात आपण दरवर्षी ऐकतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी चांगली दिसत असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, कडेला बारीक भेगा असतात. असा टायर मे महिन्यात लांब नेऊ नका.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. माणसं आणि सामान पूर्ण भरलेलं असेल तर आकडा वेगळा असतो, तो बघा. उन्हात टायर तापतो म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवायची ही समजूत धोक्याची आहे. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. स्टेपनीची हवाही बघा, तिच्याकडे वर्षभर कोणी पाहिलेलं नसतं.

मग कूलंट, रेडिएटरचा पंखा, फॅनबेल्ट, ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल. हे सगळं निघण्याच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही, आठवडाभर आधी करा, म्हणजे काही बदलावं लागलं तर वेळ मिळतो. बॅटरी तीन वर्षांच्या पुढची असेल तर तीही तपासून घ्या, उष्णतेने बॅटऱ्या लवकर जातात.

घाटात गाडी तापली तर?

काटा वर सरकू लागला की एसी बंद करा, काचा उघडा, आणि हीटर पूर्ण सुरू करा. उकाड्यात हीटर लावायला सांगणं विचित्र वाटेल, पण हीटर इंजिनातली उष्णता बाहेर ओढतो. त्यानेही काटा उतरला नाही तर वळणावर न थांबता सुरक्षित, सावलीची जागा बघून थांबा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि मागच्या चाकाला दगड लावा.

रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. किमान अर्धा तास जाऊ द्या. इंजिनावर थंड पाणी ओतू नका. तोवर माणसांनी सावलीत बसायचं, गाडीत नाही.

घाटात गाडी चालवायची सवय नाही. जमेल का?

जमेल. घाट फार अवघड नाही, पण सबुरी हवी.

चढताना ज्या गिअरमध्ये चढलात, उतरताना त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसऱ्या गिअरला इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक अधूनमधून लागतो. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरा. गाडी न्यूट्रलला टाकून उतरणं आणि त्यातून तेल वाचवणं हा जिवाशी खेळ आहे.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. वळणाआधी हॉर्न, वळणावर ओव्हरटेक नाही. मागच्याला घाई असेल तर बाजू बघून त्याला पुढे जाऊ द्या.

सीएनजी किंवा इलेक्ट्रिक गाडी न्यावी का?

सीएनजी गाडी चालते, पण डिकीत सिलिंडर असल्यामुळे सामानाला जागा कमी आणि चढावर जोर थोडा कमी. गॅस शहरातच भरून घ्या आणि पेट्रोलची टाकीही भरा. इलेक्ट्रिक गाडी अमरावतीत पूर्ण चार्ज करून निघालात तर वर जाऊन खाली येण्याइतकं अंतर आजच्या बहुतेक गाड्यांना पुरतं. चढताना चार्ज भराभर उतरतो, उतरताना काही परत मिळतो. मुक्कामी चार्जिंगची सोय आहे का, ते खोली ठरवतानाच विचारा.

मुलांना गाडी लागते. काय करावं?

उपाशीपोटी नेऊ नका आणि पोट भरूनही नेऊ नका. परतवाड्याला आलूबोंडे आणि तर्री-पोह्यांचा मोह होतो. मोठ्यांनी खुशाल खावं, पण ज्याला गाडी लागते त्याला तर्री न घालता थोडे पोहे किंवा दशमी द्या. फोन हातातून काढून घ्या, मान खाली घालून पडद्याकडे बघितलं की हमखास मळमळतं. मोठं मूल असेल तर मधे बसवून समोरचा रस्ता बघायला सांगा. आलेपाक, आवळासुपारी तोंडात असली की बरं वाटतं. गोळी द्यायची असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि घाट सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेर पडते.

आणखी एक, जिवाची गोष्ट. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून झोपलेलं मूल बंद गाडीत ठेवून कोणीही उतरू नये. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी आणि अर्ध्या तासात वीसेक अंशांनी वाढू शकतं. काच दोन बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. मोठ्यांपेक्षा लहान मुलाचं अंग कितीतरी लवकर तापतं.

आजी-आजोबांना न्यावं का? बीपी, शुगर आहे.

जरूर न्यावं. रात्रीच्या उकाड्याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो, त्यामुळे वरच्या गारव्याचा फायदाही त्यांनाच जास्त.

निघायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारा, कारण बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणखी उतरतं. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. इन्शुलिन डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका, थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं.

घरातल्या बायका, विशेषतः वयस्क बायका, प्रवासात पाणी पीत नाहीत. कारण सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही: वाटेत स्वच्छ संडास मिळेल याची खात्री नसते. उन्हाळ्यात हे सहन करणं धोक्याचं आहे. म्हणून थांबे आधी ठरवा आणि घरात मोठ्याने सांगा: अमरावतीच्या अलीकडे एक, परतवाड्यात एक. मोठ्या पेट्रोलपंपांवर स्वच्छतागृह असतं आणि ते फुकट वापरता येतं, पेट्रोल न भरताही. दर तासाला पाणी प्या असं सासूबाईंना सांगण्यापेक्षा दर दीड तासाला गाडी थांबवा, पाणी आपोआप प्यायलं जातं.

सोबत खायला-प्यायला काय घ्यावं?

टिकणारं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कांदा, गूळ, काकडी, लिंबं. सातूचं पीठ घ्या, गूळ-पाण्यात कालवलं की कुठेही पोट भरतं. ओल्या नारळाची चटणी, उसळ, दहीभात, मेयोनीज घातलेलं सँडविच, असलं काही मे महिन्यात गाडीत ठेवू नका, दोन-तीन तासांत आंबतं.

माणशी तीन लिटर पाणी, आणि गाडीसाठी वेगळी पाच लिटरची कॅन. ओआरएसची पाकिटं न्या आणि पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात घोळा. ‘थोडी पावडर, थोडं पाणी’ असं करू नका, मीठ जास्त झालं तर लहान मुलांना अपाय होतो. पन्हं आणि ताक थर्मासमध्ये चांगलं राहतं.

पूर्वी प्रवासाला निघताना कापडी छागल गाडीला बाहेर टांगत, वाऱ्याने पाणी गार राही. ती अजून काही दुकानांत मिळते. मिळाली तर घ्या, प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा ढीग टळतो.

ऊन लागलंय हे कसं ओळखायचं?

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणं, लघवी कमी आणि गडद होणं ही सुरुवात. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओआरएस घोट-घोट पाजा. साधारण अर्ध्या तासात बरं वाटू लागतं.

पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात आहे. तेव्हा आधी १०८ ला फोन, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत ओले थंड कपडे ठेवायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. जवळ असाल तिथे न्या.

कांदा जेवणात जरूर खा. खिशातला कांदा ऊन अडवत नाही, डोक्याला बांधलेला सुती दुपट्टा अडवतो.

वर बघण्यासारखं काय? धबधबे दिसतील का?

धबधबे मे महिन्यात कोरडे असतात. जुलै-ऑगस्टचे फोटो बघून मुलांना धबधब्याचं वचन देऊ नका.

भीमकुंडाची खोल दरी मात्र पाण्याशिवायही बघण्यासारखी आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं आणि कुंडात हात धुतले, अशी इथली कथा आहे, ती आजीला सांगू द्या. देवी पॉइंट सकाळी, पंचबोल पॉइंटवर मुलांना हाका मारू द्या, प्रतिध्वनी येतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी बाहेर पडलात तर दोन पॉइंट निवांत होतात. सगळे पॉइंट एका दिवसात ‘करायची’ गरज नाही. इथे कॉफीची झाडं आहेत, मुलांनी ती सहसा पाहिलेली नसतात. जवळच्या मोथा गावचा खवा आणि रबडी चांगली असते.

गाविलगड किल्ला मुलांना झेपेल का?

सकाळी सहाला गेलात तर झेपेल. नऊनंतर जाऊ नका, आत मोठा पसारा आहे आणि सावली तुरळक.

हा किल्ला मला या सहलीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. बहामनी सुलतान अहमदशाहच्या काळात, पंधराव्या शतकात, तो बांधला गेला आणि पुढे वऱ्हाडची इमादशाही, निजाम, नागपूरकर भोसले असे धनी बदलत गेले. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावच्या लढाईत भोसल्यांचं सैन्य हरलं, उरलेले लोक गाविलगडात शिरले. आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, त्याच्या सैन्याने डोंगरातून तोफा ओढत आणल्या आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. आपल्याच विदर्भात घडलेली ही गोष्ट आपल्या मुलांना क्वचित कोणी सांगतं. तटावर बसून सांगा. दरवाजांवरची शिल्पं, तलाव, तोफा दाखवा. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे, तेव्हा ठरलेल्या वाटेनेच फिरा आणि अंधार पडायच्या आत बाहेर या.

जंगलात वाघ दिसेल का? स्वतःची गाडी आत नेता येते का?

मेळघाट हा १९७३-७४ साली देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. जंगल डोंगराळ आणि विस्तीर्ण आहे, त्यामुळे ताडोबासारखा वाघ सहज दिसत नाही. सफारी वनखात्याच्या परवानगीने आणि वाटाड्यासोबतच होते. रानगवा, अस्वल, सांबर दिसण्याची शक्यता बरी, आणि उन्हाळ्यात प्राणी पाणवठ्यांवर येतात. सेमाडोह-कोलकासचा रस्ता दिवसा पार करा, अंधार पडल्यावर जंगलातून गाडी नेऊ नका.

मे महिन्यात हे जंगल वाळलेल्या पानांनी भरलेलं असतं. विझवलेली वाटलेली विडी किंवा रस्त्याकडेला मांडलेली चूल अख्खा डोंगर पेटवते. पहाटे तेंदूपाने तोडायला निघालेली कोरकू माणसं रस्त्यात दिसतील, त्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा भाग त्या काही दिवसांवर असतो. तिथे गाडी हळू करा, आणि न विचारता त्यांचे फोटो काढू नका. वानरांना बिस्किटं देऊ नका, मग ती गाड्यांच्या काचांवर येतात आणि चाकाखाली मरतात.

मुक्कामाची खोली बघताना काय विचारावं?

पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, खाजगी हॉटेलं आहेत, जंगलात वनखात्याची विश्रामगृहं आहेत. शनिवार-रविवार लवकर भरतात, सोमवार ते गुरुवार गेलात तर भावही उतरतो. खोली वरच्या मजल्याची नको, स्लॅबखालची दुपार सोसत नाही. तळमजला, दोन बाजूंना खिडक्या, आणि वीज गेली तर पंखा चालेल अशी सोय मागा.

पाण्याबद्दल मात्र थोडं जास्त लिहितो. वर पाऊस भरपूर पडतो, पण डोंगरउतारावर तो टिकत नाही आणि उन्हाळ्यात चिखलदरा तालुक्यातल्या कित्येक गावांना टँकर लागतो. हॉटेलच्या टाकीत येणारं पाणी त्याच टंचाईतून येतं. बादलीने अंघोळ करा, शॉवर नको. गाडी वर धुऊ नका. घाटातली धूळ नागपूरपर्यंत राहिली तर काही बिघडत नाही.

किती दिवस ठेवावे?

दोन रात्री, तीन दिवस. एका रात्रीत फक्त प्रवासाचा शीण हाती लागतो. जास्तीचा दिवस असेल तर उतरताना मुक्तागिरी करा. परतवाड्याजवळ, मध्य प्रदेशच्या हद्दीत असलेल्या या जैन तीर्थावर डोंगरात ५२ मंदिरं आहेत. अनवाणी चढायचं असल्याने सकाळी आठच्या आत पायऱ्या चढून व्हायला हव्यात, नंतर दगड तापतो.

अवकाळी पावसाने गाठलं तर?

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारी ढग दाटून वादळ येणं नेहमीचं आहे. विजा कडाडू लागल्या की पॉइंटच्या कठड्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत जाऊन काचा बंद करा. पहिल्या सरीनंतर घाटातला रस्ता धूळ आणि तेलामुळे निसरडा होतो, अर्धा तास थांबून निघा.

परतताना कधी निघावं?

उजाडल्याबरोबर. मेअखेरीस पावणेसहापर्यंत लख्ख उजेड होतो. घाट उजेडात उतरता येतो, आणि नागपूरकरही ऊन फार चढायच्या आत घरी पोहोचतात. पहाट जमणारच नसेल तर दुपारी साडेचारला निघा, म्हणजे घाट तरी अंधाराआधी उतरून होतो.

चिखलदऱ्यात जागाच मिळाली नाही तर?

नागपूरकरांना पचमढी आहे. छिंदवाडा, तामियामार्गे साधारण २६० किलोमीटर, उंची चिखलदऱ्याएवढीच, पण तिथल्या काही ओढ्यांना मे महिन्यातही पाणी असतं, त्यामुळे पाण्यात खेळायचं असलेल्या मुलांना ती जागा जास्त आवडते. काही ठिकाणी तिथल्या नोंदणीकृत जिप्सीनेच जावं लागतं, तो खर्च धरा. जळगाव-धुळ्याकडच्यांनी तोरणमाळ बघावं. आणि सवड असेल तर जूनचा उत्तरार्ध धरा. विदर्भातल्या शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. पाऊस वेळेवर आला तर शाळेआधीचे चार-पाच दिवस मिळतात, तेव्हा चिखलदऱ्यात धुकं असतं आणि खोल्याही मिळतात.